गच्चीवरच्या डेकला १२ व्होल्टचे लाईट लावताना आलेला अनुभव

कोल्हापुरात आमच्या गच्चीवर डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा) डेक केलाय, त्याच्या कडेनं बारा लाईट लावायचे होते, प्रत्येकी ३ वॅटचे. पावसाळ्यात तिथं पाय ओले, फरशी ओली, त्यामुळं २३० व्होल्टची वायर डेकखाली नको हे आधीच ठरलेलं. लाईट आणणं, भोकं पाडणं, बसवणं सगळं पटापट झालं.

घोडं अडलं ते चालू केल्यावर. जिन्याजवळचे लख्ख आणि टोकाचे चार अगदी मिणमिणते! इलेक्ट्रिशियन म्हणाला ड्रायव्हर (२३० व्होल्टचे १२ करणारा डबा) वीक आहे वहिनी, बदलून आणा. दुकानदारानं ड्रायव्हर काउंटरवर लावला, मीटरवर बरोब्बर १२ आले, म्हणे ड्रायव्हर ओके आहे, लाईट बघा. लाईट नेले तर तेही तिथं झकास पेटले. मग म्हणे वायरिंगवाल्याला विचारा, आणि इलेक्ट्रिशियनचं परत तेच, ड्रायव्हर. लक्ष्मीपुरीत गाडी लावायला जागा शोधायची, गर्दीत काउंटरला उभं राहायचं आणि तेच उत्तर ऐकून परत यायचं. मृग तोंडावर आलेला, डेक अर्धवट, आणि दोघांपैकी एकानंही मीटर घेऊन गच्चीवर यायचं कष्ट घेतलं नाही याचा मला अजून राग येतो.

शेवटी भाच्याचा मल्टीमीटर आणला आणि सगळे लाईट चालू ठेवून मोजलं. लाईट सुटे करून नुसत्या वायरीवर मोजलं तर सगळीकडं १२ च दिसतात, म्हणून चालू ठेवूनच मोजा. ड्रायव्हरपाशी १२.१, शेवटच्या लाईटला ९.३. म्हणजे मधले जवळजवळ ३ व्होल्ट वायरच खात होती. वायर होती ०.५ स्क्वेअर एमएमची, का तर "बारा व्होल्टला काय हुतंय, बारीक चालतीय की". अहो, उलट आहे! ३६ वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम ०.१६ अँपिअर करंट लागतो, १२ व्होल्टवर तोच ३ अँपिअर होतो. करंट वाढला की बारीक वायरीत व्होल्टेज पडणारच. शॉकची भीती कमी म्हणून वायर बारीक, हे डोक्यातून काढून टाका.

मग फळ्या उचलून २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकायला लावली आणि सप्लाय एका टोकाऐवजी मधोमध दिला. आता दोन्ही टोकांना साडेअकराच्या वर आहे, सगळे लाईट सारखे. जाम बरं वाटलं!

हां, ड्रायव्हर ३६ वॅटला ३६ चाच घेऊ नका, निदान ४५ चा तरी घ्या. जाळीच्या पत्र्याचा ड्रायव्हर स्वस्त मिळतो पण तो घरातला, उघड्यावर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाणारा) च पाहिजे. आणि ड्रायव्हरच्या २३० व्होल्टच्या बाजूला आरसीसीबी (करंट गळाला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) हवाच, त्यात काटकसर नको. जोडांना नुसती टेप गुंडाळू देऊ नका, सोल्डर करून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी) नळी चढवा, नाहीतर इथल्या पावसात तांबं हिरवं पडतं. वायर बॉक्समध्ये खालून न्या, आधी जरा झोल देऊन, म्हणजे पाणी झोलावरूनच गळतं. रंग ३००० केल्विनचा पिवळसर घेतला, पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात.

फळ्या परत बसवायच्या आधी वायर कुठून गेलीय त्याचे फोटो काढून ठेवा आणि तेव्हाच टोकाला मीटर लावून बघा, इलेक्ट्रिशियन समोर असतानाच.