तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा खोलीत रेकॉर्डिंग करताना दडपण येत नाही का?

हा प्रश्न मला गायक विचारतात आणि घरात माइक लावू पाहणारी मुलंही. मोठ्या स्टुडिओशी तुलना होणार, मग धीर कसा होतो? दडपण येत नाही, कारण ही खोली मला पाठ आहे.

पुण्यातल्या जुन्या इमारतीतली मागची खोली, अकरा फूट लांब, दहा फूट रुंद. अकरा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की त्यांच्यामध्ये 52 हर्ट्झच्या (सेकंदाला 52 कंपनांच्या) आसपासचा आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 104 हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकतो आणि फुगतो. आता काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, गाणारे बुवा घ्या. त्यांचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ, म्हणजे खर्जातला पंचम नेमका 104. खोलीच्या मधोमध उभं राहून ते आलापात खाली उतरले, की बाकीचे सूर नीट येतात आणि पंचम तेवढा घुमतो. गायकाला वाटतं, आपलाच आवाज लागत नाहीये. काही जण तर तो सूर टाळायला लागतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण गळ्याचा काहीच दोष नसतो. इक्वलायझरला, म्हणजे ठरावीक सूरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या बटणांना, हात लावायच्या आधी मी सांगतो, ‘बुवा, दोन फूट मागे या.’ माइकही तेवढाच मागे घेतो. पंचम जागेवर बसतो. हे शांतपणे सांगता यायला हवं. रेकॉर्डिंग करणारा चाचपडतोय हे समोरच्याला लगेच कळतं आणि गळा आखडतो.

कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून काढलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे, चार इंच जाड पॅनेल आहेत, सुती कापडात शिवून घेतलेले. गायकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगलेली असते. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर फोम यांवर पैसे घालू नका. टाळी वाजवल्यावरची खणखण थोडी कमी होते, पण खर्जाचं घुमणं तसंच राहतं. बाहेरचा आवाज तर यातल्या कशानेच अडत नाही, रॉकवूलनेही नाही. त्याला जड, बंदिस्त भिंत लागते आणि ती भाड्याच्या जागेत बांधता येत नाही. म्हणून मी वेळ निवडतो. सोसायटीचा पंप, शेजारचा कुकर, संध्याकाळचे कावळे या सगळ्यांतून दुपारी दोन ते चार मोकळे मिळतात. टेकपुरता, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगपुरता, पंखा बंद, टेक संपला की चालू. मी वापरतो तो कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे त्याची पाठ खिडकीकडे.

हेडफोन बंद कपांचेच घ्या, नाहीतर गायकाच्या कानात दिलेला तानपुरा झिरपून माइकमध्ये येतो.

लेव्हल लावताना ‘जरा गाऊन दाखवा’ म्हटलं की माणूस राखून गातो आणि खऱ्या टेकला तार सप्तकातली तान घेतो. म्हणून मी आधी तीच तान मागतो आणि तिचं टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवतो; शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो. 24 बिटच्या, म्हणजे हळू आवाजही बारकाईने टिपणाऱ्या, रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही.

आणि नकार देता यायला हवा. एकटा गळा, गळा आणि पेटी, कथावाचन हे मी छातीठोकपणे घेतो. पेटीला माइक दोनेक फुटांवर ठेवला की भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट सुरांवर चढत नाही. भजनी मंडळ आलं, आठ-दहा गळे, पखवाज आणि टाळ, तर इथे जमणार नाही. पखवाजाच्या धुम्याची, म्हणजे खर्जाच्या बाजूची, थाप या भिंतींत नुसती बदबदते आणि टाळ प्रत्येक माइकमध्ये घुसतात. अशा मंडळींना मी फोनवरच, आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी, मोठ्या खोलीच्या स्टुडिओचा पत्ता देतो.