घरचं रेकॉर्डिंग, आठवडा तिसरा : मागून कोण गातंय?

या आठवड्यात एकही नवं प्लगइन (आवाजावर काम करणारा जोड-प्रोग्राम) टाकलं नाही, उलट होती त्यातली निम्मी काढली. बाबांच्या अभंगाच्या ट्रॅकवर सहा साठली होती, आता तीन.

सुरुवात पंख्यापासून. उकाड्यात बाबा पंख्याशिवाय गायला बसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक टेकमागे घरघर. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं रिआएफआयआर हे प्लगइन लावलं. सबट्रॅक्ट (नको तो आवाज वजा करायचा) मोड निवडायचा, नॉइज प्रोफाइलच्या चौकोनात टिक करायची, नुसत्या पंख्याचे तीन-चार सेकंद वाजवायचे आणि टिक काढायची. मी ती काढायलाच विसरलो. गाणं सुरू झालं तसा त्याने बाबांचा आवाजही पंख्याच्या खात्यात धरला. दुसऱ्या ओळीला बाबा माठात तोंड घालून गातायत असं वाटायला लागलं.

ते निस्तरलं तर दुसऱ्या दिवशी नवंच. त्याच ट्रॅकवर धृपद पुन्हा घ्यायचं होतं, बाबांच्या कानाला हेडफोन. "अरे, माझ्या मागून कोण गातंय?"

मला संशय इंटरफेसचा, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्याचा. बफर, म्हणजे तो एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ सॅम्पलवरून (आवाजाची सुटी मोजमापं) १२८ वर आणला. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे तीन मिलिसेकंदही नाहीत, तरी बाबांच्या मागचे बाबा हटेनात. तासाभराने ट्रॅकवरची प्लगइन दिसतात त्या एफएक्सच्या खिडकीत तळाला लक्ष गेलं : उशीर ४०९६ सॅम्पल. एकट्या रिआएफआयआरचे ८५ मिलिसेकंद! प्लेबॅकला रीपर हा उशीर आपोआप सांभाळून घेतो, म्हणून आधी कळलं नव्हतं. पण माणूस समोर गात असताना तो काय सांभाळणार? जुना ट्रॅक फ्रीझ केला (प्लगइनच्या परिणामासकट पक्का केला) आणि नव्या टेकला कोरा ट्रॅक घेतला.

आणि रिआईक्यू, रीपरचं इक्वलायझर. कुठल्याशा व्हिडिओचं ऐकून हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) १२० हर्ट्झला ठेवला होता. बाबांची पट्टी काळी एक, म्हणजे सा १३८ च्या आसपास आणि मंद्र पंचम १०४ ला. म्हणजे त्यांचा खालचा पंचम मीच कापत होतो. ऐकताना ते दोनदा म्हणाले होते, "पंचम पोकळ लागलाय रे माझा," आणि मी त्यांना गरम पाणी दिलं होतं! आता हाय-पास ८० ला आहे.

पेटीच्या भात्याचा आवाज अजून येतोय. त्यावर प्लगइन नाही लावणार, रविवारी माइक हातभर लांब सरकवून बघतो.