१४ नंबर सुटली, ५६७च्या शिट्टीने सोडवली

मंडळी, १४ नंबर सुटली! काल रात्री पावणेबाराला शेवटचं निवेदन ऐकलं आणि घरच्यांना उठवून ऐकवलं. दीड महिना या एका कॅसेटवर अडलो होतो, म्हणून बाकीचं मागे ठेवून आधी हेच लिहितो.

१४ नंबर म्हणजे आत्याच्या पेटाऱ्यातली ती सी-९०, नव्वद मिनिटांची कॅसेट. ऐंशीच्या दशकात इथे गुहागरात बसून आकाशवाणीच्या मुंबई 'ब'वरून, ५५८ किलोहर्ट्झवर, टू-इन-वनने घेतलेलं नभोनाट्य. सुरुवात स्वच्छ, पण पुढे आवाज चढत जातात आणि शेवटच्या प्रवेशात आजी नातीच्या आवाजात बोलते. लेबलच्या कोपऱ्यात आत्याने पेन्सिलीने लिहिलंय, 'लाईट गेली, सेलवर.' सेल उतरत गेले, मोटर मंदावली, टेप हळू सरकली. आता ती नीट वेगाने वाजवली की सगळं पुढे पळतं.

कारण पहिल्या दिवशीच कळलं होतं. नेमकं किती आणि कुठून, ते कळत नव्हतं. आधी सगळ्या बाजूला सरसकट तीन टक्के हळू केलं, तर सुरुवातीचे आवाज जड झाले. मग शून्यापासून शेवटापर्यंत सरळ उतार दिला. मधला अर्धा भाग बिघडला. ५० हर्ट्झची घरघर धरून मोजावं म्हटलं, तर सेलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नाहीच. आणि असती तरी त्या काळी आपल्याकडच्या विजेची फ्रीक्वेन्सी बरीच खालीवर व्हायची, त्यामुळे माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही.

वाट सापडली ती डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करताना. आत्याच्या मशीनचं हेड किंचित कललेलं असणार, कारण माझ्या डेकवर तिच्या सगळ्याच कॅसेटी घोंगडीखालून बोलल्यासारख्या वाजतात. म्हणून डावा-उजवा चॅनल एकत्र करून अझिमथचा, म्हणजे हेडचा कल बदलणारा, स्क्रू फिरवत बसलो. पाव फेराही नाही, त्याच्या निम्माच. तेवढ्यात 'स' आणि 'श' कुरकुरीत झाले आणि संगणकावरच्या ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या फ्रीक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रात) वर, अगदी ९ हजार हर्ट्झपाशी, केसासारखी एक बारीक रेघ उमटली.

ती शेजारच्या स्टेशनची शिट्टी! मिडियम वेव्हवर १९७८पासून आपल्याकडची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. रात्री लांबची ५६७ वर आली की तिचा कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) आणि ५५८चा कॅरिअर यांच्यातून ९,००० हर्ट्झची शिट्टी निघते. दोन्ही ट्रान्समीटर क्रिस्टलवर, म्हणजे चूक फार तर दोन-चार हर्ट्झची. दिवसा समुद्रावरून ५५८ इकडे इतकी साफ येते की ही शिट्टी ऐकूच आली नसती. रात्रीचं खराब रिसेप्शन होतं म्हणून कॅसेट वाचली.

आता नुसती रेघ वाचायची. सुरुवातीला ९,०४०. पंचविसाव्या मिनिटापर्यंत जवळजवळ सपाट, कारण मोटरचा गव्हर्नर सेलमध्ये जीव आहे तोवर वेग धरून ठेवतो. नंतर रेघ चढायला लागते आणि शेवटी ९,६१०, म्हणजे सा कोमल रे ओलांडून गेलेला. सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे जिथे पार्श्वसंगीत जोरात, तिथे रेघेला इवलासा उंचवटा. स्पीकरने करंट ओढला की मोटर क्षणभर दमायची. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या सेलचा श्वास दिसतो त्यात.

ऑडॅसिटीत वेग कमीजास्त करणाऱ्या टाइम ट्रॅकवर ४१ बिंदू हाताने ठेवले. सुरुवातीला ९९.६ टक्के, शेवटी ९३.७. एक शंका होती. रेकॉर्डिंगच्या बायसमुळेही (टेपवर नोंदताना मशीन मिसळतं त्या उच्च फ्रीक्वेन्सीच्या लहरीमुळे) अशी शिट्टी येते (टू-इन-वनच्या मागे 'बीट कट'चा खटका त्यासाठीच असायचा). पण नाटकाच्या आधी आणि शेवटी एकच शीर्षकधून आहे. दुरुस्तीनंतर दोन्ही एकावर एक ठेवल्या, तंतोतंत जुळल्या. आणि आजी आजीच्या आवाजात बोलली.

सामानाबद्दल दोन शब्द. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट हेडला लावू नका, त्यात पाणी असतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिलच घ्या. ऑनलाइन मागवलेल्या मिश्र बेल्टच्या पाकिटातला एकही बेल्ट माझ्या डेकला बसला नाही, पैसेही परत आले नाहीत. लॅमिंग्टन रोडवर जुना बेल्ट हातात धरून माप जुळवून घेतला, तोच आज फिरतोय. आणि सी-१२०च्या वाटेला शक्यतो जाऊ नका, ती फिल्म फार पातळ.

बुरशी यंदा फक्त ९ आणि २२ला. पावसाळाभर बाकीच्या सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात होत्या.

ठरल्याप्रमाणे दिवाळीत आत्यासाठी अख्खा दिवस आकाशवाणीचा लावायचा आहे: सकाळी रूपक, दुपारी श्रुतिका, संध्याकाळी प्रश्नमंजूषा, रात्री १४ नंबरचं नभोनाट्य. रूपकाच्या तिन्ही कॅसेटी रत्नागिरीवरून, ११४३वर, दिवसा घेतलेल्या. तिथे शिट्टी मिळणार नाही, म्हणून त्या शेवटी ठेवल्या होत्या. पण लिहिता लिहिता आठवलं, ३ नंबर सभेच्या, म्हणजे प्रसारणाच्या सत्राच्या, सुरुवातीपासून आहे, म्हणजे तिच्यावर आकाशवाणीची वॉल्टर कॉफमन यांची १९३६ सालची ती संकेतधून असणार! तिचा तंबोरा कुठल्या पट्टीत आहे ते एखाद्या चांगल्या प्रतीवरून मोजलं तर वेगाचं माप तिथेच मिळेल. स्टेशनवरची टेपही थोडी हळू-जलद असू शकते, म्हणून दोन-तीन प्रती ताडून बघाव्या लागतील. कोणाकडे त्या धूनची स्वच्छ प्रत असेल तर तिचा सा कुठे लागतो तेवढं कळवा. तोवर प्रश्नमंजूषा थांबली, आज रात्री डेकवर ३ नंबर.