कांग्यावरची ओळ

टांझानियात, दार-ए-सलामच्या करियाकू भागात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. दुकानाला इथेही 'दुका'च म्हणतात आणि शिंप्याला 'फुंडी'. माझ्याकडे दोन फुंडी आहेत. त्यातल्या वडीलधाऱ्यांना सगळे 'म्झे' म्हणतात, आपण अण्णा म्हणावं तसं. एरवी गिऱ्हाइकाशी बोलणं माझं आणि कापणं त्यांचं. त्या शनिवारी ते दुसऱ्या कामात गुंतले होते, म्हणून कात्री माझ्या हातात होती.

दुपारी एक मुलगी आली, बाविशीची असेल. "शिकामो, मामा," म्हणाली. मामा म्हणजे इथे आई. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणतात आणि त्यांनी "मराहबा" म्हणून ते स्वीकारायचं. सोमवारी विम्याच्या ऑफिसात तिचा नोकरीचा पहिला दिवस होता. तिनं पिशवीतून आजीचा कांगा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आजी टांगा शहरातली, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलीला पहिल्या दिवशी आजीचा कांगा अंगावर हवा होता.

कांगा म्हणजे साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद असं सुती कापड. तो जोडीनं मिळतो, त्या जोडीला 'डोटी' म्हणतात. एक कमरेला गुंडाळायचा, दुसरा डोक्या-खांद्यावरून घ्यायचा. चारही बाजूंनी काठ, तो 'पिंडो'. मधली जमीन म्हणजे 'म्जी'. आणि जमिनीच्या खालच्या भागात एका पट्टीत छापलेली एक ओळ असते. म्हण असेल, टोमणा असेल, आशीर्वाद असेल. शेजारणीला, सवतीला, सुनेला जे तोंडावर बोलता येत नाही ते बायका कांगा नेसून बोलतात. मोंबासात १८८७ साली सुरू झालेल्या एका भारतीय वंशाच्या पेढीचे कांगे आजही 'माली या अब्दुल्ला', म्हणजे 'अब्दुल्लाचा माल', या खुणेनं ओळखले जातात. कांग्यावर मजकूर छापायची चाल रुजली त्यात या पेढीचं नाव सगळे घेतात. आधी अरबी लिपीत छापायचे, मग रोमन आली.

तिच्या डोटीतला एक कांगा पार विरला होता, तिला आणि तिच्या भावाला पाठीशी बांधून बांधून. दुसरा आजीनं जपून ठेवला होता. मरून जमीन, काळा काठ आणि जमिनीवर पांढऱ्या-पिवळ्या कोयऱ्या. या नक्षीला इथे 'कोरोशो' म्हणतात, म्हणजे काजू. मी वेंगुर्ल्याची, काजूच्या झाडांत वाढलेली. तरी कोयरीत काजू मला इथल्या बायकांनी दाखवला.

तिला त्याच कापडाचा वरपासून खालपर्यंत ड्रेस हवा होता. एका कांग्यात तो बसत नाही, आणि बसला असता तरी मी नको म्हटलं असतं. ऑफिसात रोज घालायचे कपडे तिच्याकडे चार-पाचच होते आणि सगळे मितुंबाचे, म्हणजे परदेशातून गाठोड्यांनी येणारे जुने कपडे: एक पांढरा कॉलरचा शर्ट, काळी पँट, जीन्स, राखाडी टी-शर्ट. "स्कर्ट शिवू," मी म्हटलं, "मग तो या सगळ्यांवर चालेल." ती तयार झाली.

मी कांगा मधोमध दुमडला. पुढचा एक भाग, मागचा एक भाग, दोन्ही बाजूंना शिवण. असे शेकडो स्कर्ट बेतलेत मी, किटेंगेचे. किटेंगे हे छापील कापड वारावर मिळतं, नक्षी सगळीकडे सारखी, कुठेही कापा. दुमडीवर खडू ओढला आणि कात्री लावणार, तेवढ्यात मागून म्झे म्हणाले, "दादा, थांबा." स्वाहिलीत दादा म्हणजे ताई आणि काका म्हणजे भाऊ. सुरुवातीला माझी फार गडबड व्हायची. त्या क्षणी मात्र फक्त 'थांबा' ऐकू आलं.

त्यांनी दुमड उलगडली आणि पट्टीवर बोट ठेवून वाचलं: "नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्टू क्वा मानेनो याके." मला सिंहाची आणि त्याच्या दातांची भीती वाटते, माणसाची आणि त्याच्या शब्दांची वाटत नाही. माझा खडू बरोबर स्वल्पविरामावरून गेला होता. तसं कापलं असतं तर पोरीच्या पुढ्यात 'मला सिंहाची भीती वाटते' एवढंच आलं असतं आणि 'भीत नाही' मागे, ती बसणार त्या खुर्चीवर.

मुलगी गप्प उभी होती. मग म्हणाली, "बीबी हा कांगा कोर्टात नेसून गेली होती. जमिनीच्या वादात." बीबी म्हणजे आजी. मी कात्री खाली ठेवली. मला स्वाहिली बोलता येतं, वाचताही येतं. तरी बेतताना मी ती ओळ नक्षी म्हणून पाहिली होती, आणि ही माझी चूक साधी नव्हती. आपल्या आजीच्या नऊवारीवर तिचं बोलणं विणलेलं असतं, तर त्यातून मी कात्री नेली असती का?

पुन्हा बेतायला बसलो, या वेळी म्झेंसोबत. ओळीची पट्टी मोजली, बासष्ट सेंटिमीटर. ती अख्खी पुढे यायला हवी, म्हणजे ओळीला छेदून कुठेच कापायचं नाही. दीड मीटर कापड सलग ठेवलं आणि एकच शिवण मागे मधोमध घेतली. मुलीची कंबर बहात्तर, म्हणजे शिवणीचं सोडून पंचाहत्तर सेंटिमीटर जास्तीचं. ते दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल चुण्यांत बसवलं. चुण्या कमरेखाली चार बोटंच शिवल्या आणि पुढे मोकळ्या सोडल्या, म्हणजे घेर खाली उघडतो आणि ओळ सपाट पसरते. लांबी वरून कमी केली आणि वरचा निघालेला काळा काठ कमरपट्टीला वापरला. आतून मलमलचं अस्तर.

वर काय, यावर आमचं थोडं वाजलंच. कोयऱ्यांतल्या पिवळ्याला जुळवून तिनं चकचकीत सॅटिनचा ब्लाउज आणला होता. घालून आली, आरशात पाहिलं. डोळा आधी ब्लाउजवर जायचा, मग काठावर, आणि ओळीपर्यंत पोहोचायचाच नाही. "आता तुझा मितुंबाचा पांढरा शर्ट घाल," मी म्हटलं. धुऊन धुऊन मऊ झालेला शर्ट, आत खोचला, बाह्या दोन वेळा दुमडल्या, वरचं एक बटण मोकळं. पायात काळे सपाट बूट, कानात बारीक खडा. एकदम नजर खाली उतरली आणि अक्षरांवर थांबली.

मी गिऱ्हाइकांना हेच सांगते: छाप्यातला सगळ्यात मोठा रंग वर घेऊ नका, सगळ्यात थोडा असलेला आणि शांत रंग घ्या. इथे तो पांढरा होता. शुक्रवारी हाच स्कर्ट राखाडी टी-शर्टवर चालेल. थंड एसीत जीन्सचं जाकीट वरून घेतलं तरी चालेल, पण ते कमरेशीच संपणारं हवं, नाहीतर चुण्या झाकतात. मोठे झुमके आणि मण्यांच्या माळा रविवारी, साध्या काळ्या पँटवर.

सोमवारी संध्याकाळी ती उरलेले पैसे द्यायला आली. लिफ्टमध्ये एका वयस्क बाईंनी तिच्या स्कर्टवरचा पहिला अर्धा भाग मोठ्यानं वाचला होता आणि दुसरा तिनं पाठ म्हटला होता. सोबत तो विरलेला कांगाही आणला होता. त्याचे काठ अजून धड होते, त्यांची शर्टाच्या कफांना आतून पट्टी लावता येईल का, असं विचारत होती.

म्झेंनी तो टेबलावर पसरला. ओळ तीच होती, डोटीतली जुळी. तरी खडू माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ती मला पूर्ण वाचायला लावली.