पत्ता बदलण्याआधी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. रात्रीचे साडेदहा.

आज तुळशीचं लग्न लावलं. सकाळी वृंदावनाला गेरू दिला, संध्याकाळी ऊस उभा केला, चिंचा-आवळे ठेवले. शेजारची दोन मुलं अंतरपाट धरायला आली. समोर पाटावर तांब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यात ते होते, माझे अकरा वर्षांचे स्नेही, पांढरा सदरा घालून, मॉरिशसमधल्या आपल्या व्हरांड्यात. इथे सात वाजले होते, तिथे साडेपाच. तिसरं मंगलाष्टक त्यांनी म्हटलं. त्यांचा ‘र’ थोडा घशातून येतो. ‘सावधान’ म्हणताना मात्र आवाज स्वच्छ लागला. मुलांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या चार फोनच्या काचेवर पडल्या. त्या मी अजून पुसलेल्या नाहीत.

आजच त्यांच्याकडे सार्वजनिक सुट्टी होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ जहाजातून हिंदुस्थानातले मजूर पोर्ट लुईला उतरले, तो दिवस तिथे पाळतात. पुढे जवळपास पाच लाख माणसं करारावर गेली. बहुतेक बिहारकडची, पण मुंबई बंदरातून आपल्या रत्नागिरीकडचीही. ती ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे सोळा पायऱ्या आहेत. ते सकाळी जाऊन आले आणि पायऱ्यांचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘पुढच्या वर्षी दोघे.’

येत्या ३१ मार्चला मी पोस्टातून निवृत्त होते. १९८८ ला लागले, म्हणजे अडतीस वर्षं होत आली. त्यानंतर लग्न, आणि लग्नानंतर मॉरिशस. हे वाक्य कागदावर लिहायला मला वर्ष लागलं, म्हणून आज लिहून ठेवते.

ते पहिल्यांदा आले ते २०१५ च्या जानेवारीत, काउंटरवर. मनिऑर्डरच्या रांगेत शांतपणे उभे राहिले आणि नंबर आल्यावर म्हणाले, “मी माझ्या पूर्वजांचे गाव शोधीत आहे.” असं पुस्तकातलं मराठी दापोली तालुक्यात कुणी बोलत नाही. माणूस इथला नाही हे कळलं, पण कुठला ते कळेना. तिथल्या सरकारी शाळेत ते मराठी शिकवायचे. घरात सगळे क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोलतात, मराठी शाळेत आणि देवळात उरलंय.

त्यांच्या हातात मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून आणलेली नक्कल होती. करारी मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्यात. पणजोबांचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा, गाव. जिल्हा ओळखता येत होता. गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, वाचून काही अर्थ लागेना. टपालात आयुष्य गेलं की असे पत्ते डोळ्यांनी वाचायचे नाहीत, तोंडाने म्हणायचे, हे कळतं. मी तीन-चारदा मोठ्याने म्हटलं. मागे पत्रं लावत बसलेले आमचे पोस्टमन भाऊ तिथूनच म्हणाले, “मॅडम, ही तर आपली वरची वाडी!” वाडीचं नाव इथे लिहीत नाही, तिथे माणसं नांदताहेत.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी त्यांना मोटारसायकलवरून नेलं. कुळातलं कुणी सापडलं नाही. ग्रामदेवतेच्या देवळात मात्र गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि त्यात ‘सातासमुद्रापलीकडे गेलेलं तुझं लेकरू आज दारात आलंय’ असं म्हणाला. संध्याकाळी ते परत पोस्टात आले, मुद्दाम विचारायला, की गाऱ्हाणं म्हणजे तक्रार ना? मग तो देवाकडे माझी तक्रार का करत होता? मी सांगितलं, आमच्याकडे देवाजवळचं गाऱ्हाणं म्हणजे मागणं, रदबदली. त्यांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. डोळे भरलेले होते आणि अक्षर मात्र इतकं वळणदार! मला वाटतं माझं मन तिथेच गुंतलं, फक्त ते कळायला दोन वर्षं गेली.

माझे यजमान २०११ ला गेले. संसार चांगला झाला आमचा, त्याबद्दल मनात काही खंत नाही. यांची पत्नीही आजारपणात गेली. आम्ही आधी पत्रंच लिहीत होतो. ते शब्दांचे अर्थ विचारत, मी कळवत असे. ‘कालवण’, ‘पडवी’, ‘मोरी’. त्यांच्या आजीच्या तोंडचे काही शब्द होते, जे माझ्याही आजीबरोबर गेले होते. ते कागदावर वाचताना अंगावर काटा यायचा. गणपतीत तिथे झाकरी नाचतात असं त्यांनी लिहिलं, तेव्हा मी आमच्या जाखडीचं रेकॉर्डिंग पाठवलं. पायाची चाल तीच, गोल तोच. दीडशे वर्षांहून जास्त काळ कुणी कुणाला भेटलं नव्हतं.

मग पत्रांचे फोन झाले. रोज रात्री नऊ, त्यांचे साडेसात. दीड तासाचा फरक म्हणजे काहीच नाही म्हणतात लोक. पण मी आवराआवर करून निजायच्या बेतात असते तेव्हा त्यांचं जेवणही व्हायचं असतं. दिवसातला एक तुकडा कायम एकट्याचा राहतो. अकरा वर्षांत आम्ही एका जागी किती दिवस काढले ते मी मोजलंय, एकशे त्रेचाळीस. बाकी सगळं आवाजावर.

३ जून २०२० विसरता येत नाही. ‘निसर्ग’ वादळ आलं तेव्हा मी घरात एकटी, मुलगी टाळेबंदीमुळे पुण्यात अडकलेली. कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाडीतले चौदा माड आणि निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे पडलेलं झाड म्हणजे गेलेली वर्षंच. वीज नाही, नेटवर्क नाही. पाचव्या दिवशी एका टेकडीवर रेंज लागली आणि फोनमध्ये त्यांचे एकोणसत्तर मिस्ड कॉल एकदम आले. मी फोन केला. ते बोललेच नाहीत, नुसते रडले. विमानं बंद, दोन्ही देशांचे दरवाजे बंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘वाकाशियो’ जहाजाचं तेल त्यांच्या समुद्रात सांडलं आणि तिथली माणसं उसाचं पाचट कापडात भरून तेल अडवायला धावली, तेही तासन्‌तास पाचट भरत होते. तेव्हा मी इथे बसून फक्त ऐकत होते. त्या वर्षी आम्ही दोघांनी वेगवेगळं एकच ठरवलं, की पुढचं वादळ एका छपराखाली काढायचं. वादळं त्यांच्याकडेही येतात, जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ने पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली घातले. मी वादळापासून पळून जात नाही, हे मुलीला तेव्हाच सांगितलं.

आता कागद. लोकांना वाटतं, या वयात प्रेम जमणं अवघड. प्रेम जमलं, कागद जमवायला वेळ लागतोय.

लग्न विशेष विवाह कायद्याने, १९५४ च्या. तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते. ज्या गावात मी जवळपास चाळीस वर्षं लोकांची पाकिटं वाटली, तिथे माझं नाव फळ्यावर महिनाभर सगळे वाचणार. वाचू देत. मग लग्नाच्या दाखल्यावर मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनची मोहोर, आणि तिथल्या नागरिकाची पत्नी म्हणून राहण्याचा परवाना. नागरिकत्व मी घेणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि माझा पासपोर्ट मला सोडवत नाही. त्यांनी एकदाही आग्रह धरला नाही.

पैशाचं मी स्वतः बसून लिहून काढलं. माझी पेन्शन माझ्या नावावर इथल्याच बँकेत येणार, खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं, करून घ्यायचं, कर भरून तिकडे पाठवता येते. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालेल, पुढे वाढवता येणार नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना परदेशात राहणाऱ्यांना नाही. शेकडो लोकांची ही खाती मी माझ्या हाताने उघडली, माझं उघडणार नाही. माडा-पोफळींची वाडी माझ्या नावावर राहील. परदेशी राहणाऱ्याला नवी शेतजमीन घेता येत नाही, असलेली ठेवता येते. सातबारा मी त्यांनाही वाचून दाखवला. मी कुणाच्या आधाराला जात नाहीये, जोडीला जातेय, आणि हा फरक मला आकड्यांत मांडलेला हवा होता.

हयातीच्या दाखल्याचा महिना कालपासून सुरू झाला. काल एक आजोबा आले, आयुष्यभर होडी वल्हवलेले. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. दहाही बोटं झाली, ठसेच उरले नाहीत. शेवटी फोनवर चेहरा घेतला तेव्हा हिरवं झालं. आजोबा म्हणाले, “म्हणजे मी आहे ना?” मी म्हटलं, आहात. पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मीही असाच चेहरा दाखवून सांगेन की मी आहे, समुद्रापलीकडून.

आणि नेमका माझाच एक कागद अडलाय. जन्माच्या नोंदीत माझं नावच नाही. वडिलांचं नाव, तारीख, आणि पुढे फक्त ‘स्त्री’. बारसं झाल्यावर पुन्हा जाऊन नाव घालायचं कुणाला सुचलंच नाही. शाळा सोडल्याचा दाखला जोडला, प्रतिज्ञापत्र दिलं, तरी तीनदा परत पाठवलं. मागच्या आठवड्यात खिडकीपलीकडचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “आजी, या वयात जन्मदाखला कशाला हवाय?” त्या दिवशी फार लागलं मनाला. त्यांच्या पणजोबांना अंगठा लावून नेलं, तरी त्यांची उंचीसुद्धा लिहून ठेवलीय. माझं नाव लिहायला कुणी गेलं नाही. रात्री त्यांना सांगितलं तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी दीडशे वर्षांनी गाव शोधले. आपण हेही शोधू.”

मुलीने एकच प्रश्न विचारला होता, “आई, तू आजारी पडलीस तर मी किती वाजता पोहोचेन?” दीर म्हणाले होते, लोक काय म्हणतील. त्याला माझ्याकडे उत्तर होतं. मुलीच्या प्रश्नाला नव्हतं. मुंबईहून विमान सहा-सात तासांचं, पण रोज नाही. पुण्याहून दापोलीला ती पाच तासांत येते. मी तिला समजावायला गेले नाही. दोघींनी मिळून वहीत लिहिलं, विम्याचे कागद कुठे, तिथल्या शेजाऱ्यांचे नंबर, तिचा पासपोर्ट कायम चालू ठेवायचा, तिच्या तिकिटापुरती ठेव वेगळी. वर्षातले चार महिने मी इथे, आंबा आणि पहिला पाऊस मिळून. पान भरल्यावर ती म्हणाली, “आता मला थोडं झोपता येईल.” तिला काळजी आहे, आणि ती काळजी आहे तशी मान्य करणं एवढंच माझ्या हातात होतं.

त्यांचं घर व्हाकोआला आहे, पठारावर. भिंतींवर आमच्यासारखं शेवाळ. मागे नीरफणस आहे, समुद्रावर सुरूची झाडं आहेत, सगळं ओळखीचं आणि ऋतू उलटे. आंबा डिसेंबरात, थंडी जुलैत. २०१९ च्या डिसेंबरात गेले तेव्हा त्यांनी मला ब्लू पेनी म्युझियमला नेलं, पोस्टातली बाई म्हणून. १८४७ ची ती दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटं, एक नारिंगी, एक निळं, ‘पोस्ट ऑफिस’ छापलेली. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा थोडा वेळच लावतात. आम्ही अंधारात वाट पाहत उभे होतो. दिवा लागला तेव्हा मी तिकिटांकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

भीती आहे ती वेगळीच. मला त्यांचा आवाज येतो, सवयी येत नाहीत. रोज नऊ वाजता दोघंही आपापलं चांगलं तेवढं घेऊन बसतो. सकाळी उठल्या-उठल्या ते कसे असतात? मी आजारी असले की घुमी होते, हे त्यांना ठाऊक नाही. काल हे सगळं बोलून टाकलं. ते म्हणाले, मला चहा करता येत नाही, फक्त कॉफी, हे मी अकरा वर्षे लपविले. मी क्रिओल शिकतेय. ‘कि मान्येर?’, म्हणजे कसं काय, म्हटलं की ‘कोरेक’, ठीक, म्हणायचं. ‘मो कोंताँ त्वा’, म्हणजे तुमच्यावर प्रेम आहे, हेही मला येतं, पण ते मी अजून फोनवर म्हटलेलं नाही. समोर असताना म्हणणार आहे.

यंदा रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात गेलं. खरी चिंता ज्या पाकिटात असायची ते पाकीट संपलं. जुन्या शिक्क्यांच्या खणात काल एक कोरा पत्ताबदलाचा अर्ज सापडला. बसून भरला. जुना पत्ता भरताना हात चालला. नव्या पत्त्याच्या ओळीत माझं नाव लिहिलं, व्हाकोआ लिहिलं, आणि ‘केअर ऑफ’ लिहायला हात गेला तो थांबवला. तिथे काही लिहिलं नाही.

तारखेची जागा रिकामी आहे. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जन्मनोंदीच्या खिडकीवर चौथ्यांदा जायचंय. शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत पिशवीत ठेवली. तुळशीपुढची पणती अजून तेवतेय.