पिशवीभर शेवाळ आणि फॉर्मचा गठ्ठा

किनाऱ्यावर ढीगच्या ढीग पडलेलं, कुजून वास मारणारं, कुण्णालाच नको असलेलं शेवाळ. त्यातलं पिशवीभर उचलून लॅबमध्ये न्यायचं तर लेखी परवानगी लागते. सध्या माझं डोकं ह्या एकाच गोष्टीनं फिरलंय, त्यामुळे आज दुसरं काही लिहिणार नाही. ज्यांनी इथल्या हायड्रेंजियाच्या फुलझाडांच्या कुंपणांचे फोटो मागितलेत त्यांनी जरा थांबा.

मी अझोर्सला आहे हे जुन्या वाचकांना माहितीय. पोर्तुगालची नऊ बेटं, पण लिस्बनपासून जवळजवळ दीड हजार किलोमीटर आत अटलांटिकमध्ये. मी साओ मिगेलवर. काम काय, तर ओहोटीला काळ्या खडकांवर चौकोनी फ्रेम टाकायची आणि आत कुठलं शेवाळ किती, खडकाला चिकटलेले शिंपले किती, ते मोजायचं. ही बेटं ज्वालामुखीतून वर आलेली, कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती, त्यामुळे किनाऱ्यावर जे काही दिसतं ते लाटांबरोबर, ओंडक्यांवर नाहीतर जहाजाच्या बुडाला चिकटून बाहेरूनच आलेलं. तरी समुद्री शेवाळाच्या 400च्या आसपास जाती आहेत! त्यात इथली भरती-ओहोटी म्हणजे जेमतेम दीड-दोन मीटरचा खेळ. मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या लाटांच्या बातम्या येतात ना (लाटा नाही हो, भरती, पण ते भांडण नंतर), त्या सवयीनं इथं आलात तर खडक उघडा पडला न पडला तोच पाणी परत पायाशी.

तर ते नको असलेलं शेवाळ. रुगुलॉप्टेरिक्स ओकामुरे. मूळचं जपान, कोरिया, चीनकडचं. युरोपात 2002 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडलं, बहुतेक शेतीसाठी आणलेल्या जपानी ऑयस्टरसोबत आलेलं. मग 2015 मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, आणि 2019 मध्ये इथं. वाळूवर पडलेलं बघाल तर वाटेल कुणीतरी ट्रकभर चहाचा चोथा ओतलाय. पाण्याखाली मात्र छान दिसतं, तपकिरी फिती, प्रत्येक टोक दोन फाट्यांत फुटत गेलेलं. इथलं जुनं डिक्टिओटा नावाचं शेवाळ अगदी तसंच दिसतं, डोळ्यांना फसवतं. म्हणून ब्लेडनं आडवा काप घ्यायचा, केसाएवढा पातळ, आणि मायक्रोस्कोपखाली कडेला बघायचं. डिक्टिओटात मधल्या मोठ्या पेशींची एकच ओळ कडेपर्यंत जाते, ह्या पाहुण्याच्या कडेला दोन-तीन थर असतात. तो थर दिसला की खरं सांगते, एकाच वेळी आनंद होतो आणि वाईटही वाटतं. कारण हे जिथं बसतं तिथं बाकीच्यांना जागाच ठेवत नाही, आणि अंगात अशी रसायनं आहेत की शेवाळ खाणारे काटेरी सी अर्चिनसुद्धा तोंड लावायला नाखूष.

आता नियम. 2022 पासून हे युरोपियन युनियनच्या घुसखोर जातींच्या यादीत आहे, म्हणजे बाळगायचं नाही, वाढवायचं नाही, वाहून न्यायचं नाही. संशोधनाला सूट आहे पण ती मागून घ्यायची. म्हणून फॉर्म. कुठून उचलणार त्याचे अक्षांश-रेखांश, किती ग्रॅम, कशातून नेणार, पिशवी फाटली तर काय, काम झाल्यावर नाश कसा करणार. मी सगळं भरलं, पाठवलं, उत्तर आलं की नकाशा जोडा. नकाशा जोडला, तर म्हणे तोच परत पोर्तुगीजमधून द्या. तो दिला तर ज्या बाई सही करतात त्या सुट्टीवर. ह्या सगळ्यात समुद्र काही थांबत नव्हता, रोज सकाळी नवीन ढीग आणून टाकत होता, आणि मी त्या ढिगाशेजारी हात मागे बांधून उभी. हे फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शेवाळ उचलूक पण कागद लागता गो थंयसर?" आणि जी हसत सुटली ती सुटलीच.

आता लगेच "बघा, तिकडे कसे कडक नियम, नाहीतर आपल्याकडे" असं कुणी लिहू नका. आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा आहे, परदेशी संशोधकाला आपल्या खडकावरचं शेवाळ न्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, तोही बिचारा फॉर्म भरतच असेल. 1 जून ते 31 जुलै आपली मासेमारी बंदी असते आणि आमच्या वेंगुर्ल्यात लहान पोरालाही ती पाठ असते. इथं लापा नावाचे चपटे शिंपले लसूण-बटर घालून तव्यावर चर्र करून देतात (प्रकार भारी आहे, पण तिरफळ नाही ते नाही). 1980च्या दशकात ते इतके ओरबाडले की खडक ओस पडले, मग कुठे बंदी, राखीव पट्टे आणि लायसन्स आलं. म्हणजे शहाणपण ह्यांनाही ठेच लागल्यावरच आलं.

पण एक गोष्ट मला गप्प करते. कप्पाफायकस नावाचं शेवाळ आपण 90च्या दशकात मुद्दाम बाहेरून आणलं, कॅरागीनन (खाण्याच्या पदार्थांना दाटपणा आणायला वापरतात ते) काढायला, तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला लावलं. चार पैसे मिळाले, पामबनकडच्या बायकांना काम मिळालं, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिकडे समुद्रातलं आपोआप वाढलेलं शेवाळ काढणाऱ्या बायका तर नुसता श्वास रोखून बुड्या मारतात, माझ्या वेटसूटची लाज वाटावी असं काम. पण पुढे तेच लावलेलं कप्पाफायकस तिथल्याच कुरुसडै बेटाजवळ प्रवाळावर पसरलेलं सापडलं. आणि ह्या रुगुलॉप्टेरिक्सचा तर बोटभर तुकडासुद्धा पाण्यात सुटला की नवीन रोप होऊ शकतं. म्हणजे पिशवी फाटली तर काय हा प्रश्न, ज्याला मी चिडून एका ओळीत उत्तर दिलं होतं, तो तसा वेडगळ नाहीये. तरीही नकाशा दोनदा मागायचं कारण मला अजून कळलेलं नाही.

परवा परवानगी आली. दुहेरी पिशवी, वर झाकणाचा डबा, उरलेलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं सगळं मारून टाकणारं यंत्र), आणि धुतलेलं पाणीसुद्धा सिंकमध्ये ओतायचं नाही. परवानगी फक्त साओ मिगेलपुरती आहे. पुढचं सॅम्पलिंग फायाल ह्या दुसऱ्या बेटावर. तिथला फॉर्म मी कालच डाउनलोड केलाय, नकाशा आधीच जोडून ठेवलाय. पोर्तुगीजमधून.