गीझर दुरुस्त करावा की बदलावा?

नाशिकची थंडी पडायच्या आत जुना गीझर तपासाच. आधी टाकी बघा. सांध्यातून नव्हे, खुद्द टाकीतून पाणी झिरपत असेल तर खर्च करू नका, सरळ बदला. आतून गंजलेली टाकी टिकत नाही.

पाणी तापतच नसेल तर एमसीबी बंद करून, कॉइलच्या (पाणी तापवणाऱ्या भागाच्या) वायर सोडवून तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजायचं यंत्र, लावा. 2000 वॉटच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण 26 ओहम येतो. अनंत दाखवला तर कॉइल तुटली. ती किंवा थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) बदलणं स्वस्तच.

बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर चढतो, मग ती जास्त तापून जळते. उघडलाच आहे तर मॅग्नेशियमचा रॉडही बघा. तो झिजला की टाकी गंजू लागते, आणि नेमका तोच बदलायचा राहतो!